‘गूगलवर तुम्ही कितपत समाधानी आहात?’ असं विचारून काय हाती लागतं

तुमचा प्रश्न मी असा वाचला: एम.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, लघुप्रबंधासाठी गूगल, बिंग, याहू आणि डकडकगो या चार सर्च इंजिनांवर कॉलेजचे विद्यार्थी किती समाधानी आहेत ते मोजायचं आहे. ‘अत्यंत समाधानी’ ते ‘अत्यंत असमाधानी’ अशा पाच पर्यायांची प्रश्नावली तयार आहे, ती ऑनलाइन फॉर्मने २०० जणांना पाठवायची आहे. आणखी कोणते प्रश्न घालू आणि २०० पुरतील का, असं तुम्ही विचारलंय.

आकड्याचं नंतर बघू. आधी फॉर्म भरणाऱ्याच्या जागी बसून पाहा. त्याच्या हातात अँड्रॉइड फोन आहे आणि पहिल्याच स्क्रीनवर गूगलची पट्टी आहे. बिंग त्याने कधीतरी लॅबमधल्या कॉम्प्युटरवर चुकून उघडलंय. याहू म्हणजे वडिलांच्या जुन्या ईमेलचा पत्ता. डकडकगो हे नाव तो बहुधा तुमच्या फॉर्मवरच पहिल्यांदा वाचतोय. पण चारही ओळींत खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मग तो काय करणार? गूगलला पाच, बिंगला तीन, बाकीच्यांना अंदाजपंचे. सरासरी काढलीत की तक्ता देखणा होईल, आलेखही निघेल, पण त्यातून कळेल ते एवढंच की कुठलं नाव किती ओळखीचं आहे.

हा माझा नुसता संशय नाही. २००७ मध्ये बर्नार्ड जॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच रिझल्टचं पान वेगवेगळ्या सर्च इंजिनांच्या नावाखाली लोकांना दाखवलं होतं. लिंका त्याच, क्रम तोच, फक्त वरचं नाव वेगळं. तरी रिझल्ट किती कामाचे वाटले याचे गुण नावाप्रमाणे बदलले. त्यामुळे लोगो दिसत असताना मिळालेल्या गुणांमध्ये रिझल्टचा वाटा किती आणि नावाचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

दुसरी अडचण तुमच्या यादीतच आहे, आणि व्हायव्हात कोणी नेमकं यावर बोट ठेवलं तर पंचाईत होईल. याहू आणि बिंगची मालक मायक्रोसॉफ्ट यांचा सर्चचा करार २००९ मध्ये झाला. मधली काही वर्षं थोडं इकडेतिकडे झालं, पण याहूवर दिसणारे वेबचे रिझल्ट मुख्यतः बिंगकडूनच येतात. डकडकगोही नेहमीच्या लिंका मोठ्या प्रमाणावर बिंगकडूनच घेतं, आणि हे ते स्वतःच सांगतं. म्हणजे नावं चार असली तरी लिंकांचे मोठे पुरवठादार दोनच. बिंग आणि डकडकगो यांत फरक दिसला तर तो बहुतेक पानाची मांडणी, जाहिराती, झटपट उत्तरांचे चौकोन आणि ‘हे माझा माग ठेवत नाही’ हा विश्वास यांचा असेल. तो मोजण्यासारखा नाही असं नाही, पण आपण तोच मोजतोय हे प्रबंधात लिहावं लागेल. माझा सल्ला विचाराल तर याहू काढा, आणि जमल्यास दोनच इंजिनं ठेवा.

आता मुद्द्याचं. सर्च इंजिनबद्दल माणूस सरसकट समाधानी नसतो, तो एखाद्या शोधाबद्दल समाधानी असतो. सकाळी ‘एसटी बुकिंग’ टाकलं, पहिलीच लिंक बरोबर आली, काम झालं. दुपारी प्रोजेक्टसाठी कोकणातल्या खारफुटीवर मराठीत वाचण्यासारखं काही शोधलं, अर्धा तास गेला, हाती धुपाटणं. संध्याकाळी तुमच्या फॉर्मवर त्याने कोणता आकडा लिहायचा? अँड्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये वेबवरच्या शोधांचे तीन प्रकार सांगितले, ते अजूनही उपयोगी पडतात. ठरावीक साइटवर पोहोचायचं असतं, काही माहिती हवी असते, किंवा काही करायचं असतं, म्हणजे डाउनलोड, खरेदी, अर्ज वगैरे. पहिल्या प्रकारात आज कुठलंही बरं इंजिन नापास होत नाही. तुमच्या अभ्यासात असे शोध जास्त आले तर सगळीच इंजिनं उत्तम ठरतील. अवघड माहितीचे जास्त आले तर सगळीच रडकी. कोणतं इंजिन सरस, हा निकाल बराचसा तुम्ही कोणती कामं निवडता यावर अवलंबून असतो, आणि त्याला इलाज नाही. ती कामं का निवडली हे सांगणं तेवढं आपल्या हातात असतं.

मी बरीच वर्षं सर्च रिझल्ट तपासणाऱ्या रेटरांच्या कामावर देखरेख केली, मराठी आणि हिंदी दोन्हीची. त्या काळात वापरणाऱ्यांना समोर बसवूनही चाचण्या घेतल्या. त्यातलं एक उदाहरण देतो, कारण माझं म्हणणं त्यातून नीट कळेल. काम असं होतं: ‘तुमच्या धाकट्या बहिणीला महाडीबीटीवरून शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचाय. कधीपर्यंत भरता येईल ते शोधून तिला सांगा.’ समोरच्या मुलाने रोमन लिपीत ‘mahadbt’ हे नाव आणि पुढे ‘लास्ट डेट’ असं टाइप केलं... म्हणजे शब्द इंग्रजी, अक्षरंही रोमन. वरून दुसरी लिंक एका बातमीची होती. उघडली, बोटाने खाली सरकवली, ठळक अक्षरांत तारीख दिसली, कागदावर उतरवली. सगळं मिळून मिनिटही लागलं नाही. समाधान? पाचपैकी पाच. ‘एकदम सोपं होतं सर.’ बातमी आदल्या वर्षीची होती.

आता सांगा, हा शोध यशस्वी धरायचा का? तुमच्या प्रश्नावलीत हा मुलगा ‘अत्यंत समाधानी’च्या रकान्यात जाईल आणि सर्च इंजिनची सरासरी वर चढेल. बहिणीचा अर्ज राहिला तर ते कुठल्याच रकान्यात येणार नाही. म्हणून समाधान एकटं कधी मोजू नका. प्रत्येक कामाच्या दोन नोंदी ठेवा: माणसाला कसं वाटलं, आणि त्याने आणलेलं उत्तर बरोबर होतं का. या दोन्हींची सांगड घातली की चार घरं होतात. समाधानी आणि बरोबर, असमाधानी आणि चूक, ही दोन घरं अपेक्षितच असतात. असमाधानी पण बरोबर, या घरात सहसा सावध माणसं सापडतात. उत्तर मिळूनही ती दोन ठिकाणी ताडून बघतात आणि दमतात. चौथं घर त्या मुलाचं, समाधानी आणि चूक. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा जीव याच घरात आहे. ग्रंथालयशास्त्राचा माणूस यावर जे बोलू शकतो ते कॉम्प्युटरवाला बोलणार नाही, कारण माहितीची खातरजमा करायला शिकवणं हा तुमचाच धंदा आहे.

पूर्वपीठिकेच्या प्रकरणात तुम्ही शोधयंत्रणांचा दर्जा मोजणारे क्रॅनफील्डचे प्रयोग घालालच. करणारे सिरिल क्लेव्हरडन, १९६० चं दशक, विमानशास्त्राचे १४०० लेख आणि त्यांवर आधी ठरवलेले प्रश्न. तिथून आलेली पद्धत म्हणजे ‘या प्रश्नाला हा लेख लागू आहे की नाही’ हे जाणकारांनी ठरवायचं आणि यंत्राने आणलेल्या यादीला गुण द्यायचे. १९९२ पासून ट्रेक (TREC) या शोधयंत्रणा तपासण्याच्या अमेरिकी उपक्रमात हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालली. आपल्याकडे २००८ पासून फायर (FIRE) या तशाच उपक्रमाने भारतीय भाषांसाठी ती आणली आणि त्यात मराठीसाठी महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळच्या बातम्यांचा संग्रह होता, हे जरूर लिहा, मराठी प्रबंधांत ते क्वचित येतं. गूगलच्या रेटरांसाठीची मार्गदर्शिकाही जाहीर आहे. तिच्यात रिझल्टने गरज किती भागवली याची ‘पूर्ण भागवली’ ते ‘मुळीच नाही’ अशी पाच पायऱ्यांची पट्टी आहे. मात्र रेटर म्हणजे वापरणारा नव्हे, हे लक्षात ठेवा. त्याला अर्ज भरायचा नसतो. तो दुसऱ्याची गरज काय असेल याचा अंदाज बांधत असतो, आणि एकाच क्वेरीवर, म्हणजे शोधासाठी टाइप केलेल्या शब्दांवर, दोन रेटरांचे अंदाज जुळत नाहीत हे मी रोज पाहिलंय.

गंमत म्हणजे यादीचे गुण आणि माणसाचं यश यांचा मेळ दरवेळी बसतोच असं नाही. २००८ मध्ये स्मिथ आणि कॅंटर या संशोधकांनी मुद्दाम बिघडवलेले रिझल्ट काही लोकांना दिले. त्या लोकांनीही कामं जवळपास इतरांइतकीच तडीस नेली, कारण त्यांनी शोधायची पद्धत बदलली. इंजिनची कसर माणूस स्वतःच्या खटपटीने भरून काढतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून खटपटीचीही नोंद हवी: किती वेळा क्वेरी बदलली, किती पानं उघडून लगेच मागे आला, किती वेळ गेला.

आणि नुसता वापर मोजला तर काय होतं याचं उदाहरण खुद्द बिंगच्या टीमने २०१२ मधल्या एका निबंधात दिलंय. एका प्रयोगात चुकून काहीतरी बिघडलं आणि रिझल्ट अगदीच वाईट यायला लागले. परिणाम? माणशी क्वेरींची संख्या १० टक्क्यांहून जास्त वाढली आणि माणशी कमाई ३० टक्क्यांहून जास्त. बरोबरच आहे: हवं ते सापडेना म्हणून लोक पुन्हापुन्हा शोधत राहिले, आणि लिंका कामाच्या नव्हत्या म्हणून जाहिरातींवर क्लिक करत राहिले. कोणी फक्त हे दोन आकडे पाहिले असते तर बिघाडालाच बक्षीस दिलं असतं. दीर्घकाळासाठी त्या टीमने माणूस पुन्हा किती वेळा परत येतो हे पाहायचं ठरवलं, ते मला पटतं. तुमच्या प्रबंधात ते जमणार नाही, तेवढा काळच नाही.

याच ओघात एक सांगून टाकतो. ‘भारतात बहुसंख्य लोक गूगल वापरतात, यावरून वापरकर्ते समाधानी असल्याचे दिसते’ हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय की आता हात जोडावेसे वाटतात. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी मक्तेदारीच्या खटल्यात गूगलविरुद्ध जो निकाल दिला, त्यात गूगलच्याच २०२० मधल्या एका अंतर्गत अभ्यासाचा उल्लेख आहे: सर्चचा दर्जा बराच उतरवला तरी कमाईला धक्का बसणार नाही, असा त्याचा निष्कर्ष. फोनमध्ये जे आधीच बसवलेलं असतं ते माणूस वापरतो. वापराच्या टक्क्यांवरून समाधान काढू नका, एवढंच.

तर मग करायचं कसं? तुमच्या जागी मी असतो तर २०० फॉर्मांऐवजी ४० विद्यार्थी समोर बसवले असते, प्रत्येकाला सहा कामं, पाऊण तास. अर्ध्या मुलांना पहिली तीन कामं गूगलवर आणि पुढची तीन बिंगवर, उरलेल्यांना उलट. कोणत्या इंजिनने सुरुवात करायची तेही आलटून पालटून. नाहीतर शेवटी आलेल्या इंजिनच्या माथी मुलांचा कंटाळा मारला जातो. ब्राउझर पाहुण्याच्या (गेस्ट) प्रोफाइलवर उघडा, स्वतःचं खातं लावू देऊ नका. यात तोटाही आहे, रोजच्या वापरात इंजिन त्या माणसाला ओळखतं, ती सोय इथे निघून जाते. पण सगळ्यांना एकाच पातळीवर आणायचं तर एवढं सोसावं लागतं. सगळं काम थोड्या दिवसांत उरका, कारण रिझल्ट बदलत राहतात, आणि परवानगी घेऊन स्क्रीन रेकॉर्ड करा.

काम सांगताना क्वेरीचे शब्द तोंडात घालू नका. कागदावर ‘सातबारा उतारा ऑनलाइन कसा काढावा’ असं छापलंत तर चाळीसच्या चाळीस जण तेच टाइप करतील आणि तुम्ही तुमचीच क्वेरी चाळीस वेळा मोजाल. त्याऐवजी प्रसंग सांगा: ‘गावाकडून काकांचा फोन आलाय, बँकेला जमिनीचा कागद हवाय, तलाठ्याकडे न जाता मिळेल का ते बघ म्हणतात.’ मग बघा, कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन अक्षरांत मराठी, कोणी सरळ इंग्रजी, कोणी माइकचं बटण दाबून बोलतो. एकाच गरजेला पडणारे रिझल्ट लिपीप्रमाणे किती वेगळे असतात ते डोळ्यांनी दिसेल. महसूल खात्याच्या साइटऐवजी पैसे मागणाऱ्या कुठल्यातरी खासगी साइटवर कोण पोहोचला, हेही. ही नोंद मराठीत काम करणाऱ्याने केली नाही तर दुसरं कोण करणार?

प्रत्येक कामानंतर लगेच, पुढचं काम द्यायच्या आत, चारच प्रश्न विचारा. हवं होतं ते मिळालं का: पूर्ण, थोडं, नाही. मिळालेलं उत्तर बरोबर आहे याची किती खात्री वाटते. शोधताना किती त्रास पडला. एकूण किती समाधान वाटलं. आणि उत्तर त्याच्याच हाताने लिहून घ्या, कोणत्या पानावरून घेतलं तेही. संध्याकाळी घरी जाऊन आठवून भरलेला फॉर्म आणि लगेच दिलेलं उत्तर यांत फार फरक पडतो, कारण माणसाला शेवटचा आणि सगळ्यात वैतागाचा शोध तेवढा आठवतो. आपल्याकडे भिडेचाही प्रश्न आहे. समोर ताई किंवा सर बसलेत म्हटल्यावर मुलं ‘छान आहे’च म्हणतात. सुरुवातीलाच सांगा, ‘हे मी बनवलेलं नाही, नावं ठेवलीत तरी मला काही वाटणार नाही, परीक्षा तुमची नाही, त्या यंत्राची आहे.’ पहिल्या दोन कामांनंतर जीभ सैल होते.

रेकॉर्डिंग पाहताना क्लिकवर फार भरवसा ठेवू नका. पानावर तीस सेकंद किंवा जास्त थांबला तर समाधानी, असा एक आडाखा या क्षेत्रात रूढ आहे. तो लाखो नोंदींच्या सरासरीला ठीक आहे, एका मुलाला नाही. तो कदाचित पान लोड व्हायची वाट बघत असेल. पहिल्या लिंकवरचा क्लिकही फसवा असतो. २००५ मध्ये थॉर्स्टन जोआकिम्स आणि सहकाऱ्यांनी नजरेचा माग घेत प्रयोग केला; पहिल्या दोन लिंकांची अदलाबदल केली तरी लोक वर असलेल्या लिंकेकडेच जास्त झुकले. उलट बाजूने, क्लिकच झाला नाही म्हणजे निराशा असंही नाही. ‘डॉलरचा भाव’ किंवा ‘नाशिक हवामान’ टाकलं की उत्तर पानावरच असतं, माणूस वाचतो आणि बंद करतो. हे काम फत्ते झालेलं असतं. सर्चवर काम करणारे २००९ पासून याची वेगळी मोजणी करताहेत.

आता तर हे जास्तच वाढलंय. २०२४ पासून गूगलच्या पानावर सगळ्यांत वर एआयने लिहिलेला सारांश येऊ लागला, बिंगवरही तसलंच काही असतं. सारांश सफाईदार भाषेत असतो, त्यामुळे समाधान आणि खात्री या दोन्ही आकड्यांना तो फुगवतो, असं माझं मत आहे. मत म्हणूनच घ्या, तुमच्या अभ्यासात ते तपासता येईल. प्रत्येक कामात सारांश आला होता का, मुलाने तिथेच थांबून उत्तर लिहिलं का, की खालची एखादी लिंक उघडली, एवढ्या तीन खुणा केल्यात तरी ‘समाधानी आणि चूक’ या घरात कोण जातं ते कळेल.

राहिला आकड्यांचा प्रश्न. २०० जणांच्या सर्वेक्षणात टक्केवारी साधारण सात टक्के इकडेतिकडे होऊ शकते, तेही निवड खरोखर यादृच्छिक असेल तर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला फॉर्म ज्यांना वेळ होता त्यांनी भरला, एवढंच त्याचं सांगणं. त्यामुळे ४.२ आणि ४.१ या सरासरींतला फरक म्हणजे काहीच नाही. सरासरीबरोबर प्रत्येक पर्यायाला किती जण ते छापा. थेट पसंती हवी असेल तर शेवटी प्रत्येकाला एकाच क्वेरीचे दोन इंजिनांचे रिझल्ट, लोगो झाकून, सारख्या टंकात छापून शेजारी शेजारी दाखवा आणि एकच कौल घ्या. ४० पैकी किमान २७ कौल एका बाजूला पडले तर तो योगायोग नाही असं नेहमीच्या पाच टक्क्यांच्या कसोटीवर म्हणता येतं. २४-१६ झालं तर गप्प बसायचं. सहा कामं गुणिले चाळीस म्हणजे २४० स्वतंत्र निरीक्षणं, असं मात्र लिहू नका. माणसं चाळीसच आहेत, एकाच मुलाच्या सहा नोंदी एकमेकींशी बांधलेल्या असतात.

तुमच्या सरांना प्रश्नावलीच हवी असेल, आणि बहुतेक ठिकाणी हवी असतेच, तर भांडू नका. तीही ठेवा, पण कामं संपल्यावर भरून घ्या, ‘वापरलेलं नाही’ हा सहावा पर्याय द्या आणि तिचं प्रकरण वेगळं करा. एकाच मुलाने तिथे दिलेले गुण आणि त्या-त्या कामानंतर लगेच दिलेले गुण शेजारी मांडलेत तर सर स्वतःच दुसरा तक्ता आधी मागतील. त्याआधी तीन-चार मित्रांवर कामं चालवून बघा. जे काम सगळ्यांना मिनिटात जमतं ते काढून टाका, जे कोणालाच जमत नाही तेही. सहा कामांची यादी तयार झाली की इथे टाका, कोणतं ठेवायचं आणि कोणतं उडवायचं ते सांगतो.